एका अक्षराचा आंकडा

आपल्या भाषेनें वर्णाला ‘अक्षर’ असें मोठें अर्थपूर्ण नांव दिलें आहे. जें क्षर नव्हे, म्हणजे ज्याचा नाश होत नाहीं, तें अक्षर. पाटीवरचें लिखाण ओल्या फडक्यानें पुसलें जातें, कागद जळतो, शिलालेखहि काळानें झिजतो. पण ‘क’ हा ‘क’च राहतो, कारण त्याचें खरें स्थान लिहिणाराच्या व वाचणाराच्या मनांत असतें, अशी आपली श्रद्धा असते. आज मात्र आपलें बरेंचसें लेखन संगणकांतून आणि खिशांतल्या दूरध्वनींतून होतें. या यंत्रांना मन नाहीं. त्यांच्याजवळ असते ती केवळ एक यादी. आणि त्या यादींत ज्या अक्षराला क्रमांक मिळाला नाहीं, तें यंत्रापुरतें तरी जन्मालाच आलेलें नसतें. एक अक्षर असें आहे कीं, जें पूर्वीं सरकारी हुकुमानें वर्णमालेंतून काढलें गेलें, पुढें यंत्रांच्या यादींतूनहि वगळलें गेलें, आणि अखेरीस स्वतःचा क्रमांक घेऊन परत आलें. त्याची हकीकत या लेखांत द्यावयाची आहे. तिच्या ओघांत, अक्षरें संगणकांत कशीं सांठविलीं जातात व कळा दाबून तीं कशीं उमटतात, हेंहि वाचकांस समजून येईल.

हें अक्षर युक्रेनियन भाषेचें आहे. युक्रेन हा काळ्या समुद्राच्या उत्तरेस पसरलेला पूर्व युरोपांतील देश होय. तेथील भाषा सिरिलिक लिपींत लिहितात. या लिपीच्या नांवामागें एका धर्मोपदेशकाचें स्मरण आहे. संत सिरिल व संत मेथोडियस हे दोघे बंधु इ. स. ८६३ सालीं मोराविया प्रांतांतील स्लाव लोकांस ख्रिस्ती धर्माचा उपदेश करण्याकरितां गेले. त्या लोकांच्या भाषेला स्वतःची लिपि नव्हती. म्हणून त्यांनीं तिच्यासाठीं ग्लागोलितिक नांवाची एक नवी लिपि रचली. पुढें त्यांच्या शिष्यपरंपरेनें बल्गेरियांत ग्रीक अक्षरांच्या आधारें दुसरी एक सुटसुटीत लिपि तयार केली व गुरूच्या स्मरणार्थ तिला सिरिलिक हें नांव पडलें. आज रशियन, युक्रेनियन, बल्गेरियन, सर्बियन इत्यादि अनेक भाषा या लिपींत लिहिल्या जातात.

या लिपींत एक साधें अक्षर आहे. एक उभी रेघ काढावी व तिच्या माथ्यावरून उजवीकडे एक आखूड आडवी रेघ न्यावी, कीं तें तयार झालें. रशियन भाषेंत त्याचा उच्चार आपल्या ‘ग’सारखा होतो. युक्रेनियन लोक मात्र त्याच आकृतीचा उच्चार आपल्या ‘ह’च्या जवळचा करतात. मग त्यांच्या भाषेंत जेथें खरोखरीच ‘ग’ हा ध्वनि येतो, तेथें काय करावें? त्यासाठीं त्यांनीं एक लहानशी युक्ति योजिली. त्या आडव्या रेघेचें उजवें टोंक किंचित् वर वळवून तिला एक आंकडा काढला. हेंच आमच्या हकीकतीचें अक्षर. तें युक्रेनियन वर्णमालेंतील पांचवें असून साध्या अक्षराच्या लगेच पाठीमागें येतें. यापुढें आपण पहिल्यास ‘साधा ह’ व दुसऱ्यास ‘आंकड्याचा ग’ असें म्हणूं.

एवढ्याशा आंकड्यानें असें काय बिघडतें, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर दोन शब्दांच्या जोड्या देतील. युक्रेनियन भाषेंत ‘ह्नित’ म्हणजे जुलूम आणि ‘ग्नित’ म्हणजे दिव्याची वात. ‘ह्राती’ म्हणजे खेळणें आणि ‘ग्राती’ म्हणजे खिडकीचे किंवा तुरुंगाचे लोखंडी गज. या जोड्यांतील दोन्ही शब्द एका आंकड्याखेरीज अगदीं सारखे लिहिले जातात. आंकडा गळाला कीं दिव्याची वात जुलूम बनते आणि तुरुंगाचे गज खेळ होऊन बसतात. आपल्या देवनागरींत ‘ह’ आणि ‘ग’ यांच्या आकृति इतक्या भिन्न आहेत कीं असा घोटाळा आपल्यास कल्पनेंतहि आणणें कठीण जातें.

हें अक्षर कांहीं कालपरवां निघालेलें नाहीं. इ. स. १६१९ सालीं मेलेतिय स्मोत्रित्स्की या पंडितानें स्लाव भाषेचें एक सुप्रसिद्ध व्याकरण छापून काढलें. त्यांत त्यानें या आंकड्याच्या ‘ग’ला वर्णमालेंत रीतसर स्थान दिलें. तो काळ मराठी वाचकांस अगदींच अपरिचित नाहीं. अवघीं तीन वर्षें आधीं, म्हणजे १६१६ सालीं, गोमंतकांत रायतूर येथें फादर स्टीफन्स यांचें ‘क्रिस्तपुराण’ छापलें गेलें. त्या ग्रंथाची भाषा मराठी. पण छापखान्यांत देवनागरीचे खिळे नसल्यामुळें तो रोमन अक्षरांत छापावा लागला. भाषा कितीहि समृद्ध असो, यंत्रामध्यें तिच्या अक्षरांना जागा नसली म्हणजे तिला दुसऱ्याचा वेष घालावा लागतो, हें सत्य त्या काळींहि असें दिसून आलें होतें.

विसाव्या शतकांत युक्रेनियन भाषेच्या शुद्धलेखनाचे नियम निश्चित करण्यांत आले. १९२८ सालच्या या नियमांस तेव्हांचे शिक्षणखात्याचे लोकप्रमुख मिकोला स्क्रिप्निक यांनीं मान्यता दिली. त्यांत आंकड्याच्या ‘ग’ला मानाचें स्थान होतें. पण पांचच वर्षांत वारें फिरलें. १९३३ साल हें युक्रेनच्या इतिहासांतील अत्यंत काळें वर्ष होय. त्या वर्षीं तेथें भीषण दुष्काळानें लाखों माणसें मेलीं. त्याच वर्षीं भाषेच्या नियमांवरहि सोव्हिएत सत्तेचा रोष झाला, आणि नव्या नियमांत हें अक्षर वर्णमालेंतून काढून टाकण्यांत आलें. रशियन वर्णमालेंत तें नव्हतेंच. तें गेल्यानें युक्रेनियन लेखन रशियनच्या तेवढेंच अधिक जवळ गेलें. स्क्रिप्निक यांनीं त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत आपलें जीवित संपविलें. यापुढें दोन्ही ध्वनि एकाच साध्या ‘ह’नें लिहावे, असा नियम झाला. लोकांच्या जिभेवर ‘ग’ राहिला; पाठ्यपुस्तकांतून मात्र तो नाहींसा झाला. कॅनडा व अमेरिका येथें जाऊन राहिलेल्या युक्रेनियन लोकांच्या छापखान्यांनीं मात्र त्याचे खिळे जपून ठेविले. पुढें सत्तावन्न वर्षांनीं, १९९० सालीं, युक्रेनमध्यें शुद्धलेखनाची नवी आवृत्ति निघाली व तिनें या अक्षरास पुन्हां वर्णमालेंत घेतलें.

हीं जीं सत्तावन्न वर्षें गेलीं, त्याच काळांत जगांत संगणक आले, आणि त्यांच्या अक्षरांच्या याद्याहि त्याच काळांत तयार झाल्या. हद्दपार झालेल्या अक्षराच्या बाजूनें बोलणारें त्या बैठकींत कोण असणार? त्याचा परिणाम काय झाला तें समजण्यापूर्वीं संगणक अक्षर कसें ओळखतो, हें थोडक्यांत पाहिलें पाहिजे.

आपल्या प्रार्थनामंदिरांतील गीतांचें पुस्तक सर्वांच्या परिचयाचें आहे. उपासना चालविणारे गृहस्थ गीताचे शब्द सांगत नाहींत. ते फक्त क्रमांक सांगतात, आणि सारी मंडळी तेंच गीत उघडते. सर्वांच्या हातीं एकाच आवृत्तीचें पुस्तक आहे, एवढ्यावरच ही सारी व्यवस्था चालते. एखाद्याच्या हातीं निराळी आवृत्ति असली तर क्रमांक तोच असूनहि तो भलतेंच गीत गाऊं लागेल. संगणकांतहि असेंच आहे. ‘अ’ची आकृति तो मनांत धरीत नाहीं, ‘अ’ला जो क्रमांक ठरला आहे तेवढाच तो सांठवितो, आणि दाखविण्याची वेळ आली म्हणजे तक्ता उघडून त्या क्रमांकापुढील आकृति पडद्यावर काढतो.

हा क्रमांक तो लिहितो कसा? यंत्राच्या स्मृतींत केवळ दोन अवस्था असतात. त्यांना आपण शून्य आणि एक म्हणतों. अशीं सात घरें घेतलीं तर त्यांत शून्य व एक यांच्या १२८ निरनिराळ्या मांडण्या होतात. आठ घरें घेतलीं तर २५६. आठ घरांच्या या गटाला बाइट म्हणतात. १९६३ सालीं अमेरिकेंत जो अक्षरांचा तक्ता ठरला तो सात घरांचा, म्हणजे १२८ जागांचा होता. इंग्रजी अक्षरें, अंक व विरामचिन्हें यांना तेवढ्या जागा पुरल्या. इतर भाषांनीं मग आठवें घर वापरून आणखी १२८ जागा मिळविल्या, आणि त्यांत ज्यानें त्यानें आपापलीं अक्षरें बसविलीं. एकाच क्रमांकाच्या अनेक गीतपुस्तकांचा घोटाळा येथूनच सुरू झाला.

सिरिलिक लिपीसाठीं १९८८ सालीं एक आंतरराष्ट्रीय तक्ता प्रसिद्ध झाला. त्याचें नांव आय-एस-ओ ८८५९-५. त्यांत रशियन, बल्गेरियन, सर्बियन, मॅसेडोनियन व बेलारूसी अक्षरें आहेत; युक्रेनियन भाषेचीं इतर विशेष अक्षरेंहि आहेत. नाहीं तो केवळ आंकड्याचा ‘ग’. यांत तक्ता करणारांचा कांहीं द्वेष होता असें नव्हे. १९८८ सालीं युक्रेनच्या अधिकृत वर्णमालेंत हें अक्षर नव्हतें, म्हणून त्यांच्या तक्त्यांतहि तें आलें नाहीं. दोनच वर्षांनीं अक्षर परत आलें, पण तक्ता छापून झाला होता. १९३३ च्या एका हुकुमाची छाया अशी पंचावन्न वर्षांनंतरच्या यंत्रांवर पडली. अन्याय करणारा निघून जातो, परंतु त्यानें केलेली वजाबाकी पुढचे हिशेब करणारे निष्पापपणें उतरून घेत राहतात.

अक्षर परत आल्यावर त्याला जागा देण्याचे प्रयत्न निरनिराळ्या ठिकाणीं झाले. विंडोज या संगणकव्यवस्थेच्या १२५१ क्रमांकाच्या तक्त्यांत मोठ्या आंकड्याच्या ‘ग’ला १६५ व लहानास १८० हे क्रमांक मिळाले. (युरोपीय लिप्यांत प्रत्येक अक्षराचें एक मोठें व एक लहान अशीं दोन रूपें असतात, हें विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच.) विद्युत्-पत्रांसाठीं ‘कोइ-८’ नांवाचे तक्ते वापरीत. त्यांपैकीं युक्रेनियन तक्ता १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत याच दोन रूपांना १८९ व १७३ हे क्रमांक होते. आतां घोटाळा कसा होई तो पाहा. एकानें १२५१ च्या तक्त्याप्रमाणें लहान ‘ग’ लिहून १८० हा क्रमांक पाठविला. वाचणाराच्या यंत्रानें तो कोइ-८ चा समजून उघडला, तर तेथें १८० म्हणजे युक्रेनियनचेंच पण अगदीं निराळें एक अक्षर! पश्चिम युरोपच्या तक्त्यानें मोठा ‘ग’ उघडला तर १६५ च्या जागीं जपानच्या येन नाण्याची खूण उभी राही. आणि कोइ-८ चा १८९ हा क्रमांक तेथें ‘अर्धा’ या अपूर्णांकाच्या रूपानें दिसे.

कोइ-८ च्या रचनेंत एक मौज होती. जुने कांहीं टपालमार्ग सातच घरें पुढें पाठवीत व आठवें गाळीत. म्हणून तिच्या रचनाकारांनीं रशियन अक्षरें अशा जागीं ठेविलीं होतीं कीं आठवें घर गळालें तरी त्या त्या अक्षराच्या जवळचें रोमन अक्षर उमटावें व मजकूर कसाबसा वाचतां यावा. साधा ‘ह’ या प्रवासांत रोमन ‘जी’ होऊन बाहेर पडे. पण आंकड्याचा ‘ग’ मागाहून आलेला. त्याला उरलेल्या जागांतच सामावून घ्यावें लागलें होतें. आठवें घर गळतांच तो नुसती एक आडवी संयोगरेघ होऊन जाई. ज्याला आरंभीं पंक्तींत बसविलें नाहीं, त्याची संकटकाळीं अशी दैना होते.

या सर्व गोंधळावर उपाय म्हणून युनिकोड नांवाची योजना निघाली. तिची पहिली आवृत्ति १९९१ सालीं प्रसिद्ध झाली. तिचें तत्त्व अत्यंत साधें आहे. जगांतील सर्व लिप्यांसाठीं एकच गीतपुस्तक, आणि त्यांत प्रत्येक अक्षराला त्याचा एकट्याचा क्रमांक. या योजनेंत मोठ्या आंकड्याच्या ‘ग’चा क्रमांक ११६८ व लहानाचा ११६९ आहे. संगणकशास्त्रज्ञ हे क्रमांक दहांच्या ऐवजीं सोळांच्या पटींत लिहितात. त्या रीतीनें ११६९ हा ०४९१ असा लिहिला जातो. विद्यार्थ्यांनीं स्वतः ताळा पाहावा: चार वेळां २५६ म्हणजे १०२४, नऊ वेळां १६ म्हणजे १४४, आणि वर एक, बेरीज ११६९.

तथापि येथेंहि जुन्या वगळण्याची खूण राहून गेली आहे. युनिकोडमधील सिरिलिक विभागाचा आरंभ १९८८ च्या त्या तक्त्याच्याच क्रमानें लावलेला आहे. त्या तक्त्यांत आंकड्याचा ‘ग’ नव्हता, म्हणून त्याला त्याच्या सोबत्यांच्या ओळींत जागा मिळाली नाहीं. तो पुढें, विस्तारित अक्षरांच्या विभागांत जाऊन बसला. साधा लहान ‘ह’ १०७५ वर आहे आणि त्याचा शेजारी ‘ग’ जवळजवळ शंभर घरें पलीकडे. याचे दोन परिणाम होतात. पहिला असा कीं, केवळ क्रमांकाप्रमाणें शब्दांची यादी लावणारा संगणक ‘ग’चे सारे शब्द वर्णमालेच्या अखेरीस टाकतो, तें टाळण्यासाठीं युक्रेनियन भाषेच्या वर्णानुक्रमाचे नियम यंत्राला वेगळे शिकवावे लागतात. दुसरा असा कीं, नेहमींच्या सिरिलिक अक्षरांत मोठ्या व लहान रूपांच्या क्रमांकांत ३२ चें अंतर असतें. या अक्षरांत तें अवघें एकाचें आहे. ‘मोठ्याचें लहान करावयाचें तर ३२ मिळवावे’ एवढाच नियम ज्या कार्यक्रमांत लिहिलेला असेल, तो येथें हटकून चुकतो.

क्रमांक ११६९ हा २५५ हून मोठा असल्यामुळें तो एका बाइटांत मावत नाहीं. त्याची सोय ‘यू-टी-एफ-८’ या पद्धतीनें होते. ती केन टॉम्प्सन व रॉब पाइक या दोन शास्त्रज्ञांनीं १९९२ सालीं योजिली. ११६९ ही संख्या शून्य व एक यांनीं लिहिली असतां अकरा घरें लागतात: १००१००१०००१. यांतील पहिलीं पांच घरें एका बाइटांत व उरलेलीं सहा दुसऱ्यांत घालतात. पहिल्याच्या आरंभीं ‘११०’ ही खूण असते. तिचा अर्थ ‘हें अक्षर दोन बाइटांचें आहे’. दुसऱ्याच्या आरंभीं ‘१०’ ही खूण असते. तिचा अर्थ ‘हा मागचाच पुढला भाग आहे’. अशा रीतीनें ११०१००१० व १००१०००१, म्हणजे २१० व १४५, असे दोन बाइट मिळून एक आंकड्याचा ‘ग’ होतो. आपल्या देवनागरीचीं अक्षरें याहून मोठ्या क्रमांकांचीं असल्यानें त्यांस प्रत्येकीं तीन बाइट लागतात.

आतां कळफलकाकडे वळूं. पुष्कळांची अशी समजूत असते कीं कळेवर जें अक्षर छापलें आहे तेंच ती यंत्राला पाठविते. वस्तुतः कळ फक्त ‘अमक्या जागेची कळ दाबली गेली’ एवढेंच कळविते. त्या जागेचें कोणतें अक्षर समजावें, हें संगणकांत त्या वेळीं निवडलेल्या भाषेच्या मांडणीवरून ठरतें. म्हणूनच एकाच कळफलकावरून इंग्रजी, मराठी व युक्रेनियन लिहितां येतें. विंडोजच्या युक्रेनियन मांडणींत इंग्रजी ‘यू’ या अक्षराच्या जागीं साधा ‘ह’ येतो. उजव्या हाताची ‘ऑल्ट’ कळ दाबून धरून तीच कळ दाबली असतां आंकड्याचा ‘ग’ उमटतो. मोठें रूप हवें तर सोबत ‘शिफ्ट’हि दाबावी. दूरध्वनीच्या पडद्यावर साध्या ‘ह’वर बोट क्षणभर दाबून ठेविलें म्हणजे त्याच्या वर ‘ग’ दिसूं लागतो. ‘वर्ड’ या लेखनसाधनांत ०४९१ हे अंक लिहून लगेच ‘ऑल्ट’ व ‘एक्स’ या कळा एकत्र दाबल्यासहि तो प्रकट होतो. शेवटचें काम मुद्राक्षरसंचाचें, म्हणजे फाँटचें. त्यांत या क्रमांकाची आकृति कोणी काढून ठेविली असेल तरच अक्षर दिसतें; नाहीं तर तेथें एक रिकामा चौकोन उभा राहतो.

हें सर्व वाचून असें वाटेल कीं आतां त्या अक्षराचे सर्व भोग संपले. पण पाहा, साध्या ‘ह’ला एक कळ दाबावी लागते आणि ‘ग’ला दोन. घाईंत लिहिणारा मनुष्य दुसरी कळ दाबण्याचा कंटाळा करतो आणि मनाशीं म्हणतो, ‘वाचणारा समजून घेईल.’ वाचणारा समजून घेईलहि. यंत्र मात्र समजून घेत नाहीं. युक्रेनमध्यें गालागान नांवाचें एक जुनें प्रसिद्ध घराणें होऊन गेलें. त्यांच्या नांवांत हें अक्षर दोनदां येतें. आंकडे गाळून तेंच नांव लिहिलें कीं तें ‘हालाहान’ असें वाचलें जातें, आणि एका नांवाचा शोध करणाऱ्या साध्या यंत्राला दुसरें सांपडत नाहीं. २०१० सालच्या सरकारी नियमाप्रमाणें युक्रेनियन नांवें रोमन अक्षरांत लिहितांना साध्या ‘ह’साठीं ‘एच’ व आंकड्याच्या ‘ग’साठीं ‘जी’ योजितात. म्हणजे ज्याच्या नांवांत हें अक्षर आहे, त्याच्या पारपत्रावरचें नांव कोणा कारकुनानें दाबलेल्या किंवा न दाबलेल्या एका कळेवर अवलंबून राहतें.

आपल्या घरींहि असें एक अक्षर आहे, म्हणून ही हकीकत आपणांस परकी वाटूं नये. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ या दोन वाक्यांत केवढें अंतर आहे! पहिल्यानें गुरुजी येतील, दुसऱ्यानें स्वयंपाकी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. हा भेद दाखविणाऱ्या ‘ऱ’ला युनिकोडमध्यें २३५३ हा स्वतंत्र क्रमांक आहे, साध्या ‘र’चा त्याच्या लगतचा २३५२. इन्स्क्रिप्ट या मराठी मांडणींत इंग्रजी ‘जे’च्या जागीं ‘र’ आहे, आणि ‘शिफ्ट’सह तीच कळ दाबली असतां ‘ऱ’ येतो. त्यापुढें हलन्त व ‘य’ दिला कीं ‘ऱ्य’ तयार होतें. कित्येक लोक हेंच जोडाक्षर साधा ‘र’, हलन्त व एक अदृश्य जोडखूण घालून उमटवितात. डोळ्यांना दोन्ही सारखींच दिसतात. पण आंतले क्रमांक निराळे असल्यामुळें एका रीतीनें लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीनें शोधणाऱ्यास पुष्कळदां सांपडत नाहीं. आणि जो मुळींच कंटाळा करून ‘दर्या’ लिहितो, तो तर डोंगरांत समुद्र आणून सोडतो.

मराठींत ‘आंकडा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक अडकविण्याचा आंकडा, व दुसरा मोजण्याचा. आमच्या या अक्षराच्या वांट्यास दोन्ही आले. त्याच्या टोंकाचा आंकडा हें त्याचें रूप, आणि ११६९ हा आंकडा हें त्याचें यंत्रांतील नांव. पहिला आंकडा १९३३ सालीं एका हुकुमानें काढून घेतां आला. दुसऱ्याची गोष्ट निराळी आहे. एकदां दिलेला क्रमांक कधीं काढून घ्यावयाचा नाहीं व दुसऱ्या अक्षरास द्यावयाचा नाहीं, असा युनिकोडचा नियमच आहे. त्या अर्थानें हें अक्षर आतां खरोखर अक्षर झालें आहे.

तथापि क्रमांक मिळाल्यानें अक्षराला केवळ जागा मिळते. तें जिवंत राहतें तें लिहिणाराच्या हातांत. आज या अक्षरावर कोणाची बंदी नाहीं. त्याचें असणें वा नसणें हें एक जादा कळ दाबण्याच्या श्रमावर येऊन ठेपलें आहे. जें काम एके काळीं सत्तेच्या हुकुमानें झालें, तेंच काम उद्यां आपल्या आळसानें होऊं शकतें, आणि त्याची नोंद कोणत्याहि इतिहासांत होणार नाहीं. याकरितां आमच्या विद्यार्थ्यांनीं दूरध्वनीवर किंवा संगणकावर मराठी लिहितांना ‘ऱ’, ‘ळ’, ‘ञ’ इत्यादि अक्षरांच्या कळा कोठें आहेत हें एकदां शोधून ठेवावें. आणि पालकांनीं मुलांचें नांव कोणत्याहि दप्तरांत नोंदवितांना तें काना, मात्रा, अनुस्वारांसह जसेंच्या तसें लिहिलें गेलें आहे ना, हें डोळ्यांखालून घालावें. एवढी जरी संवय या हकीकतीच्या निमित्तानें कोणास लागली, तरी दूरदेशींच्या त्या लहानशा आंकड्यानें आपणांस कांहीं शिकविलें असें होईल.